फ्लॉरेन्स ते अंगियारी: पुसल्या गेलेल्या लढाईच्या मागावर

फ्लॉरेन्सच्या पलाझ्झो वेक्कियो या जुन्या राजवाड्यातल्या सालोने देई चिंक्वेचेंतो या दालनात शिरलं की मान आपोआप वर जाते. ५४ मीटर लांब दालन, दोन्ही भिंतींवर वासारी या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवलेल्या लढाया. मला मात्र पाहायची होती ती तिथे आता न दिसणारी लढाई. १५०५ मध्ये लिओनार्दोने इथे ‘अंगियारीची लढाई’ रंगवायला घेतली. ओल्या गिलाव्यावर घाईने रंगवणं त्याला मानवत नसे. त्याने तेलरंग वापरले, ते भिंतीवर नीट बसले नाहीत आणि काम अर्धवट राहिलं. पुढे १५६०च्या दशकात वासारीने दालनच पालटलं. याच दालनासाठी ठरलेली मिकेलअँजेलोची ‘काशिनाची लढाई’ तर कागदावरच राहिली, आणि तो कागदही फाटून गेला. दोन्ही आज कळतात त्या नकलांमुळे.

म्हणून माझा आग्रह आहे की नकलांच्या मोठ्या प्रिंट सोबत न्याच. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयातलं, फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं रेखाचित्र सर्वांत प्रसिद्ध. रुबेन्सचा जन्म १५७७चा, म्हणजे मूळ चित्र त्याने पाहिलेलंच नाही. कुणा अनामिकाने केलेल्या जुन्या नकलेवर त्याने हात फिरवला, असं अभ्यासक मानतात. झेंड्यासाठी झोंबणारे चार स्वार, एकमेकांत अडकलेले घोड्यांचे पुढचे पाय, डावीकडच्या स्वाराच्या छातीवर मेंढ्याचं डोकं. शेजारी झाक्किया या इटालियन कलाकाराचं १५५८चं कोरीव चित्र धरा. मांडणी तीच, पण रुबेन्सच्या कागदावरचा आवेश त्यात नाही. लिओनार्दोचं किती आणि रुबेन्सचं किती, हा प्रश्न त्या भिंतीसमोर उभं राहून सोडवण्यात जी मजा आहे ती पुस्तकात नाही.

दुर्बीण हवीच. वासारीच्या ‘मार्चानोच्या लढाई’त खूप उंचावर, हिरव्या झेंड्यावर ‘चेर्का त्रोवा’ (शोधा, सापडेल) ही बारीक अक्षरं आहेत. नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. गुरुवारी राजवाडा दुपारी दोनलाच बंद होतो. लुव्रमधला कागद पाहायला म्हणून पॅरिस गाठू नका. उजेडाने कागद खराब होतो, त्यामुळे अशी रेखाचित्रं कायम मांडलेली नसतात.

वेळ असेल तर अंगियारीला जा. आरेझ्झोपर्यंत ट्रेन, पुढे बस. गावातून खाली सान्सेपोल्क्रोकडे सरळसोट रस्ता उतरतो. २९ जून १४४० ला फ्लॉरेन्सने मिलानला हरवलं ते याच सपाटीवर. गावात लढाईचं छोटं संग्रहालय आहे. परतीच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या पाहून ठेवा, आणि शक्यतो रविवार टाळा.