कोंबडीच्या मांसातली चरबी मोजताना : माझा अनुभव

सिन्नर तालुक्यात माझ्या काकांचं ब्रॉयलरचं शेड आहे. "यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात ना?" हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. काकांचं उत्तर ठरलेलं असतं : हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचायला माणसं कुठून आणायची, आणि कशासाठी? एम.एस्सी.च्या प्रबंधाची वेळ आली तेव्हा मी हाच धागा धरला. बाहेरून कोणी हार्मोन देत नाही. पण पक्ष्याच्या अंगात स्वतःचे हार्मोन असतातच. त्यांच्याशी निगडित जनुकं मांसात किती चालू आहेत आणि त्याच मांसात चरबी किती आहे, हे मला ब्रॉयलर आणि गावरान अशा दोन्हींत बघायचं होतं.

इथे चरबी म्हणजे पोटातला पिवळा गोळा नव्हे, तो दुकानदार काढूनच टाकतो. मांसाच्या तंतूंमधली चरबी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण चव आणि मऊपणा बराचसा तिच्यावर असतो. पक्ष्यांमध्ये चरबी मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तातून स्नायूंपर्यंत पोचते. तिथे लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम तिला फोडून आत घेण्याजोगं करतं, आणि त्यातून सुटलेली फॅटी ॲसिड पेशीत वाहून नेणारी प्रथिनं वेगळी. यांची जनुकं आणि ॲडिपोनेक्टिन या चरबीच्या पेशींतल्या हार्मोनचं जनुक मी निवडलं.

खरं तर मला लेप्टिन, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या चरबीतून निघणारं भूक आवरणारं हार्मोन, हेही हवं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधी त्याचा इतिहास वाचायला लावला. कोंबडीचं लेप्टिन म्हणून १९९८ मध्ये जे जनुक प्रसिद्ध झालं, ते उंदराच्या जनुकाशी इतकं जुळत होतं की त्यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. खरं जनुक २०१६ च्या सुमारास नक्की झालं, आणि ते चरबीत फारसं चालूच नसतं असं दिसलं. मी ते यादीतून काढलं. एवढ्या वाचनाने माझे दोन महिने वाचले.

खरी परीक्षा सॅम्पल घेण्यात होती. जनुक चालू असलं की त्याची आरएनए नावाची प्रत तयार होते, तीच मला मोजायची होती. पण आरएनए फार नाजूक. आपल्या बोटांवरचे एन्झाइमसुद्धा त्याचे तुकडे करतात. पहिल्या खेपेला ब्रॉयलरचं मांस काकांच्या शेडवरून आणलं आणि गावरानचं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून. कापल्याबरोबर तुकडे आरएनएलेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाकले, बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीने नाशिकला आले. सगळं नीट झालं असं वाटत होतं. आरएनए धड आहे का हे तपासायच्या जेलवर मात्र २८एस आणि १८एस या आरएनएंच्या दोन स्वच्छ रेघांऐवजी नुसता धूसर पट्टा आला. बारापैकी नऊ सॅम्पलं गेली. त्या रात्री मी जेवले नाही.

चूक तुकड्यांच्या जाडीत होती. हे द्रावण मांसात हळूहळू मुरतं, म्हणून तुकड्याची एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ लागते. माझे तुकडे बोटाएवढे जाड होते. द्रावण आत पोचेपर्यंत मधला आरएनए संपलेला. दुसऱ्या खेपेला ब्लेडने पातळ काप काढले, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले आणि मग उणे वीसला नेले. या वेळी जेलवर दोन्ही रेघा उमटल्या. मॅडमना फोटो पाठवताना हात थरथरत होते.

जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या पीसीआरमध्ये आणखी एक धडा मिळाला. मोजण्याआधी आरएनएची डीएनए-प्रत, म्हणजे सीडीएनए, करावी लागते. ती न करता ठेवलेल्या नळीतही सिग्नल आला, म्हणजे डीएनए मिसळलेला होता. डीएनए तोडणाऱ्या डीएनएज एन्झाइमने सॅम्पल पुन्हा साफ केलं आणि जनुकाच्या दोन तुकड्यांच्या (एक्झॉनच्या) सांध्यावर बसणारे नवे प्रायमर मागवले; हा सांधा आरएनएतच जुळलेला असतो, म्हणून मूळ डीएनए मोजला जात नाही. तुलनेसाठी सगळीकडे सारखंच चालू असणारं एक संदर्भ-जनुक लागतं. त्यासाठी एकट्या जीएपीडीएचवर विसंबले नाही. ते ग्लुकोज वापरण्याच्या कामातलं जनुक, स्नायूत ते स्थिर राहीलच असं नाही. बीटा-ॲक्टिन हे दुसरं संदर्भ-जनुक जोडीला घेतलं.

चरबी सॉक्सलेटवर, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या भुकटीतून द्रावकाने चरबी ओढून घेणाऱ्या उपकरणावर, काढली. छातीच्या मांसात ती शंभर ग्रॅमला जेमतेम एक-दोन ग्रॅम. जुलैतल्या दमट हवेत भुकटीने ओल धरली तरी वजन चुकायचं, म्हणून प्रत्येक फ्लास्क डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तीनदा तोलला.

मांडीत छातीपेक्षा चरबी जास्त निघाली, ते अपेक्षितच होतं. गावरान आणि ब्रॉयलरमधला फरक मात्र मी ठामपणे मांडला नाही. सहा-सहा पक्षी, त्यात ब्रॉयलर बेचाळीस दिवसांचा आणि गावरान पाच महिन्यांचा! दिसतो तो फरक जातीचा की वयाचा, हा मॅडमचा प्रश्न रास्त होता आणि मी तो प्रबंधात तसाच लिहिला.

काकांना मी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा प्रयोग सांगितला. १९५७ च्या जातीची आणि २००५ च्या जातीची कोंबडी एकाच खाद्यावर वाढवली, तर छप्पन्न दिवसांनी वजनं निघाली ९०५ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. हार्मोन नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची निवड. त्यांनी आकडे डायरीत लिहून घेतले, आणि आठवड्याने फोन आला : "अगं, एकाच दिवसाची पिल्लं हवीत ना तुला? शेडजवळ नको, रोगाची भीती. आत्याच्या परसात जाळी मारलीय. दहा गावरान, दहा ब्रॉयलर, खाद्य एकच. केव्हा येतेस?"