होलाशोवित्से: एका चेक गावठाणाचा नकाशा कसा वाचावा

गावठाण, सर्व्हे नंबर, बांध, सातबारा हे शब्द आपल्याकडे कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. कोथरूड, औंध, बाणेरच्या जुन्या गावठाणांची हद्द आजही अनेकांना तोंडपाठ असते. ज्याला ही भाषा येते त्याला मध्य युरोपातलं खेडं वाचणं अजिबात जड जात नाही. म्हणून इथे एकच गाव घेतो आणि नीट बघतो.

गाव होलाशोवित्से, दक्षिण बोहेमियातलं. बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग. चेस्के बुड्येयोवित्से या शहरापासून पश्चिमेला साधारण 15 किलोमीटर. दक्षिणेला ब्लान्स्की लेस ही जंगलाने भरलेली डोंगररांग. तिचं सर्वांत उंच शिखर क्लेत, 1084 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षा कमीच. वस्ती दीडशेच्या आसपास. 1998 मध्ये हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेही राजवाडा, किल्ला किंवा मोठं चर्च नसताना. शेतकऱ्यांची घरं आणि त्यांची मांडणी एवढ्यावर.

शोधताना पहिली चूक नावातच होते. रोमन लिपीत या नावातल्या एस अक्षरावर छोटी खूण असते, तिच्यामुळे ‘श’ होतो. ती खूण गाळली की होलासोवित्से हे दुसरंच गाव समोर येतं, आणि ते थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, सायलेशियात ओपावाजवळ आहे. शेवटचं अक्षर इंग्रजी वळणाने ‘व्हाइस’ वाचू नये. चेक ‘सी’ म्हणजे आपल्या चमच्यातला च. लिहिताना ‘त्स’ लिहितो इतकंच. ‘-इत्से’ हा शेपटीचा भाग म्हणजे अमक्याची माणसं, अमक्याची वस्ती. जुन्या नकाशांवर आणि दप्तरांत मात्र गाव होल्शोविट्स या जर्मन नावाने सापडतं. दोन्ही नावांनी शोध घेतला नाही तर अर्धं दप्तर हाती लागत नाही.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 1263 चा. 1292 मध्ये राजा दुसरा वेन्सेस्लास याने हे गाव विशी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाला दिलं. आपल्या डोळ्यांसमोर देवस्थान इनाम येतं आणि ते योग्यच आहे: मठाकडे ही मालकी 1848 पर्यंत होती, साडेपाचशे वर्षांहून जास्त. मध्ये 1520 ते 1525 या काळात प्लेगने गाव धुऊन निघालं. दोन माणसं वाचली. दोन! मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून जर्मन बोलणारी कुटुंबं आणून गाव पुन्हा वसवलं. 1530 मध्ये वस्ती 17 वर आली होती. तेव्हापासून गाव मुख्यतः जर्मन भाषिक राहिलं. 1895 मध्ये तिथे 157 जर्मन आणि 19 चेक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मन भाषिकांना सक्तीने बाहेर काढलं गेलं आणि इथली कित्येक घरं ओस पडली. 1990 नंतर ती दुरुस्त होऊन पुन्हा नांदती झाली.

म्हणजे माणसं दोनदा जवळजवळ मुळापासून बदलली. तरी मधला चौक, त्याभोवतीचे घरांचे पट्टे आणि त्यांची दिशा मध्ययुगात आखली तशीच राहिली. प्लेगनंतर आलेल्यांनी जुन्याच आखणीत संसार मांडले. 1945 नंतर घरं पाडून नवी बांधण्याइतकी माणसंच गावात उरली नव्हती. आज ज्या अखंडपणाचं कौतुक होतं त्याच्या मागे ही ओसाडी आहे, आणि ते विसरून नुसत्या सुंदर दर्शनी भिंती बघणं मला पटत नाही.

चौक 210 मीटर लांब, 70 मीटर रुंद, म्हणजे साडेतीन एकरांहून थोडा जास्त. त्यात तळं, लोहारशाळा आणि 1755 चं संत यान नेपोमुकचं छोटं प्रार्थनाघर. भोवती 23 शेतघरं, प्रत्येकाची त्रिकोणी माथ्याची आखूड भिंत चौकाकडे. एका बाजूला राहतं घर, समोर धान्याचं कोठार किंवा शेती मुलाकडे सोपवलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांची खोली. दोहोंना जोडणाऱ्या भिंतीत गाडी जाईल एवढं कमानीचं दार आणि शेजारी माणसापुरतं छोटं दार. वाड्याचा दरवाजा आणि दिंडी आठवते. मागच्या बाजूला आडवं खळ्याचं कोठार अंगण बंद करतं. त्यामागे परसबाग, मग शेत.

हे सगळं घरबसल्या तपासता येतं. बोहेमिया तेव्हा हॅब्सबर्ग घराण्याच्या साम्राज्यात होता, आणि 23 डिसेंबर 1817 च्या फर्मानाने तिथे जमीनमोजणी ठरली. बोहेमियाची मोजणी 1826-30 आणि 1837-43 अशी दोन टप्प्यांत झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी 1835-36 मध्ये इंदापुरात शेतं मोजत होते, त्याच पिढीतलं हे काम. त्या नकाशांच्या रंगीत प्रती चेक भूमापन कार्यालयाच्या ऑनलाइन संग्रहात खुल्या आहेत. प्रमाण 1:2880. आकडा विचित्र वाटतो, पण हिशेब सरळ आहे: नकाशावरचा एक व्हिएन्ना इंच म्हणजे जमिनीवर 40 क्लाफ्टर (लांबीचं जुनं माप), आणि 40 गुणिले 40 म्हणजे 1600 चौरस क्लाफ्टर, बरोबर एक योख, हे क्षेत्राचं जुनं माप. एक योख 0.5755 हेक्टर, आपले सुमारे 57 गुंठे. नकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे एक योख, इतकी सोय.

इथे घोटाळा होतो तो पट्टीचा. व्हिएन्ना इंच 2.634 सेंटीमीटरचा. आपली 2.54 ची पट्टी लावून प्रत्येक चौरस इंचाला योख धरला तर क्षेत्र सात टक्क्यांहून जास्त फुगतं. छापताना आकार लहानमोठा झाला तर प्रमाणच बिघडतं. खात्रीसाठी चौक मोजावा: मूळ प्रमाणात तो साधारण 7.3 गुणिले 2.4 सेंटीमीटर यायला हवा.

रंगांत खरी माहिती आहे. पिवळी इमारत लाकडी, लाल इमारत दगडविटांची. हे आगीच्या दृष्टीनेही महत्त्वाचं. दर्शनी भिंतींवरची ‘ग्रामीण बरोक’ नक्षी (बरोक म्हणजे युरोपातली जुनी, अलंकारिक शैली) पाहून घर अठराव्या शतकातलं ठरवू नये. ही शैली खेड्यात उशिरा पोचली आणि बरेचसे दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातले आहेत. भिंतीवर कोरलेलं साल बहुधा नूतनीकरणाचं असतं, आतलं घर त्याहून जुनं असू शकतं. घरक्रमांकही फसवे. ते 1770-71 च्या सुमारास लष्करी भरतीच्या मोजणीसाठी दिले गेले, आणि नंतर बांधलेल्या घराला पुढचा मोकळा आकडा मिळाला. त्यामुळे 3 नंबरच्या शेजारी 40 असणं यात काही चूक नाही.

जन्ममृत्यूच्या चर्च-नोंदी त्रेबोन्यच्या प्रादेशिक अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. लॅटिन, जर्मन, चेक, सगळं मिसळलेलं. जर्मन भाग कुरंट या वळणदार लिपीत. छापील जर्मन येणाऱ्यालाही ती वाचता येत नाही, जशी बाळबोध येणाऱ्याला मोडी येत नाही. दोनतीन महिने सरावाशिवाय तिथे हात घालू नये. आधी आडनावं ओळखायला शिकावं, मग मधला मजकूर.

शेवटी नकाशावरून गावाच्या बाहेर यावं. खळ्यांच्या मागे लांब, अरुंद पट्टे दिसतील, प्रत्येकाला क्रमांक. मग त्याच जागेचं आजचं उपग्रह चित्र उघडावं. 1950 च्या दशकात सामुदायिक शेती आली तेव्हा चेक खेड्यांत असे पट्टे जोडून मोठाली शेतं केली गेली आणि बांध नांगरले गेले. कागदावर कित्येक जुने तुकडे पुढेही साध्या नोंदवहीत क्रमांकानिशी राहिले, पण जमिनीवर त्यांची खूण नाही. मालकाला आपला तुकडा हवा असेल तर मोजणी मागून तो नव्याने आखून घ्यावा लागतो.