कव्हर न काढलेला क्लब

रविवार, रात्री

आज गोल्फ खेळताना पार-५ होलवर (पाच फटक्यांत संपवायचा होल) दुसऱ्या शॉटला वूड, म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब, काढला. लिहायला एवढी एकच ओळ, पण गेल्या वर्षभरात हे घडलं नव्हतं. बॅगेत १४ क्लबांची मुभा असते, आणि त्यातला थ्री-वूड मी बहुतेक वेळा नुसता वाहत होतो. त्याचं कव्हर अजून नव्यासारखं आहे.

टीवरून (बॉल टेकवायच्या खुंटीवरून) तोच क्लब मी बरा मारतो. घोळ होतो तो गवतावर. बॉल जमिनीला चिकटल्यासारखा वाटतो, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा कल) जेमतेम १५ अंश, वरून पाहिलं तर क्लबफेस उभाच दिसतो. हा उडणार कसा, असं वाटलं की मी मदतीला धावतो. उजवा खांदा खाली, वजन मागच्या पायावर, मनगटांनी बॉल चमच्यासारखा उचलायचा प्रयत्न. मग एक तर क्लब बॉलच्या मागे जमिनीत रुततो, नाही तर वर येता येता बॉलच्या टाळूवर आदळतो. टॉप झालेला बॉल सशासारखा गवतातून पळतो. सोबतचे लोक सौजन्याने दुसरीकडे बघतात, ते जास्त लागतं.

'उचलायचं काम लॉफ्टचं आहे, तुझं नाही,' हे कोचने कितीदा सांगितलं असेल. डोक्याला पहिल्याच दिवशी पटलं. शरीराला पटायला दोन महिने लागले. आधी बॉल टीवर ठेवून मारला, मग टी थोडी थोडी खाली दाबत नेली, शेवटी नुसती गवताच्या पातळीला. त्याआधी बॉलशिवायच स्विंग करायचा आणि गवत कुठे घासलं जातं ते बघायचं. माझं नेहमी बॉलच्या जागेच्या चार बोटं मागे! बॉल मी ड्रायव्हर या क्लबने मारताना ठेवतात तसा अगदी डाव्या टाचेसमोर ठेवत होतो. तो दीड-दोन बॉल आत घेतला आणि निम्मं दुखणं तिथेच गेलं. सरावाच्या रेंजवरच्या मॅटने मला इतके दिवस फसवलं, हेही खरं. मॅटवर मागे लागलेला क्लब घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट ठीकठाक वाटतो. गवत असं पांघरूण घालत नाही.

दुसरी गोष्ट, थ्री-वूड घरी ठेवला. त्याच्या जागी फाइव्ह-वूड घेतला. लॉफ्ट १८ अंश, शाफ्ट (दांडी) थोडी आखूड. पहिल्यांदा कमीपणा वाटला. पण कमी लॉफ्टचा क्लब हवेत न्यायला जो वेग लागतो तो माझ्याकडे नाही, त्यामुळे दोन्हींचं अंतर माझ्या हातात जवळपास सारखंच पडतं. मनाची समजूत म्हणून जुना गोल्फपटू जीन सॅराझेन आठवला. १९३५च्या मास्टर्स स्पर्धेत १५व्या होलवर त्याने सुमारे २३५ यार्डांवरून दुसरा शॉट थेट होलमध्ये घातला. हातात होता फोर-वूड, थ्री नव्हे! (शिवाय तेव्हाचे वूड खरोखरच लाकडाचे असायचे. आता नावापुरतं लाकूड उरलंय.)

तर आजचा शॉट. लाय (बॉल बसलेली जागा) चांगली होती, समोर पाणी नव्हतं, म्हणजे धाडसाचं काही नव्हतंच. गवत घासणारा एक सराव स्विंग, मग बॉल. आवाज ऐकला तेव्हाच कळलं. किंचित उजवीकडे गेला, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडे थांबला. पण उडाला, आणि मी उडवला नव्हता. पुढे चिप (जवळचा छोटा फटका) वाईट झाली, मग ग्रीनवर तीन पट (होलकडे बॉल ढकलायचे फटके) लागले, पार हुकला. चालेल.

दोन होलनंतर बॉल रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) खोल बसला होता. हात वूडकडे गेला, तो मागे घेऊन सेव्हन-आयर्नने बाहेर काढला. या निर्णयावर मी शॉटइतकाच खूश आहे. सोळाव्यावर मात्र परत टॉप, तोच ससा. तरी अठराव्यावर पुन्हा तोच क्लब काढला, तेव्हा लक्षात आलं की कव्हर कुठेतरी राहून गेलंय. बहुधा सोळाव्याच्या फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यात). उद्या फोन करून विचारायला हवं.