एकादशीचा उपवास आणि विमा कार्यालयात अडकलेला अर्ज

आरोग्यविम्यासाठीच्या रक्ततपासणीची तारीख कंपनीनेच ठरवली आणि ती नेमकी आषाढी द्वादशीची निघाली. मी एकादशीला केवळ पाण्यावर राहतो, त्यामुळे दशमीच्या रात्रीच्या जेवणापासून रक्त देईपर्यंत सुमारे ३६ तास उलटले होते. रक्त घेणाऱ्या मुलीला मी हे सांगितले, परंतु तिच्या अर्जात ‘उपाशीपोटी : होय / नाही’ एवढाच रकाना असल्यामुळे तिने ‘होय’वर खूण केली.

अहवालात साखर ७४ आणि यकृताची एन्झाइम्स मर्यादेत होती. मात्र लघवीत कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) आढळले आणि बिलिरुबिन (जुन्या रक्तपेशी मोडल्यावर बनणारे पिवळे द्रव्य) १.९ आले. या दोन नोंदींपुढे लाल खूण उमटली आणि अर्ज तिथेच थांबला. खिडकीवरच्या गृहस्थांनी आधी मधुमेहतज्ज्ञाचे आणि ते दिल्यावर यकृततज्ज्ञाचे पत्र मागितले. यकृतातील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण १०० ग्रॅमचा असतो, तो दिवसभराच्या उपवासात बराचसा संपतो, इन्सुलिन उतरल्यामुळे चरबीतून मेदाम्ले सुटतात, यकृत त्यांचे कीटोन बनवते आणि मेंदूही ते इंधन म्हणून वापरू लागतो, हे मी त्यांना शांतपणे समजावले. बिलिरुबिनचेही तसेच आहे: उपाशी राहिल्याने निरोगी माणसातही त्याचा अप्रत्यक्ष भाग, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेला भाग, वाढतो आणि ज्यांच्यात जन्मतःच गिल्बर्टची प्रवृत्ती (यकृत बिलिरुबिनवर सावकाश प्रक्रिया करते अशी निरुपद्रवी ठेवण) असते त्यांच्यात तो अधिक वाढतो. माझ्या १.९ पैकी १.६ अप्रत्यक्षच होते. यावर ‘तुमचे म्हणणे नोंदवायला जागा नाही’ हे एकच उत्तर मिळत राहिले. निरोगी शरीराने उपवासात जे करायला हवे तेच केले असताना त्याला आजार ठरवावे, याचा संताप अजूनही शमलेला नाही.

अखेर आमच्या डॉक्टरांनी उपवासाचे तास पत्रात स्पष्ट लिहिले आणि नेहमीचे जेवण सुरू असताना, केवळ रात्रभराच्या उपवासानंतर, पुन्हा तपासणी करायला लावली. कीटोन नाहीसे झाले होते, बिलिरुबिन १.१ होते आणि विमा वाढीव हप्त्याशिवाय मंजूर झाला.

म्हणून तपासणीआधी दहा-बारा तासच उपाशी राहावे, पाणी प्यावे आणि शेवटच्या जेवणाची वेळ अर्जाच्या समासात का होईना, स्वतःच्या हाताने लिहावी. बिलिरुबिनचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. लांबलेल्या उपवासात यूरिक आम्लही चढते, तेव्हा सांधेदुखीसाठी ते तपासणाऱ्यांनी हीच काळजी घ्यावी. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासाला हे काही लागू नाही, कारण त्यात पिष्ट भरपूर असते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय निराहार राहू नये. माझा अनुभव निरोगी शरीराचा आहे.