आजीचा उजवा डोळा : अकरावा प्रयत्न

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे आजीच्या पोर्ट्रेटमधले नाक, ओठ आणि कपाळावरच्या सुरकुत्या दिवाळीपूर्वीच मनासारख्या जमल्या होत्या, आणि डोळे दोन रविवारांत पूर्ण होतील असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात सात आठवडे गेले, एकट्या उजव्या डोळ्याचे अकरा प्रयत्न झाले आणि आज पहिल्यांदा तो डोळा आजीचा आहे असे मला खात्रीने म्हणता येते.

आधी दहाव्या प्रयत्नाविषयी सांगते, कारण खरे शिक्षण त्यातूनच झाले. पहिले नऊ प्रयत्न त्याच जातीच्या कागदाच्या वेगळ्या तुकड्यांवर केले होते, आणि नववा बरा उतरल्यामुळे धीर येऊन दहावा मी थेट मूळ कागदावर काढला. बुबुळ ८बी या मऊ, गडद पेन्सिलने भरले, पेपर स्टंपने (कागद घट्ट गुंडाळून केलेल्या कांडीने) घोटून एकसारखे केले, डोळ्याचा पांढरा भाग कोरा ठेवला आणि हायलाइट, म्हणजे प्रकाशाच्या चमकीचा ठिपका, मोठा व ठळक सोडला. सरावाच्या चित्रांमध्ये जे जे करायला सांगतात, ते सगळे त्यात होते. आजीने चष्मा लावून कागद हातभर दूर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "चेहरा माझाच आहे गं, पण ही बाई कशाला तरी दचकली आहे."

ती अगदी बरोबर बोलली होती. माझा पहिला संशय बुबुळाच्या जागेवर गेला, कारण बुबुळाच्या वर पांढरे दिसू लागले की नजर घाबरलेली वाटते हे आपण सगळे जाणतो. परंतु मोजून पाहिले तेव्हा वरच्या पापणीने बुबुळाची वरची कड नीट झाकली होती आणि खालची पापणी त्याला जेमतेम टेकली होती. रेखाटनात दोष नव्हता, म्हणजे तो टोनमध्ये, कुठे किती गडद वा फिकट यात, असणार हे उघड होते. मात्र कोणत्या टोनमध्ये, हे शोधण्यात पुढचे बारा दिवस गेले.

उलगडा एका साध्या चाचणीतून झाला. राखाडी कार्डाला पंचने एक भोक पाडले, संदर्भाचा फोटो कृष्णधवल छापून घेतला आणि ते भोक फोटोवर ठिकठिकाणी ठेवून प्रत्येक टोन पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या नऊ पायऱ्यांच्या पट्टीशी ताडून पाहिला. कोरा कागद ही पहिली पायरी धरली, तर उजेडातले कपाळ दुसऱ्या पायरीवर आले, आणि ज्याला मी सात आठवडे पांढरा समजत होते तो डोळ्याचा भाग बुबुळाजवळ तिसऱ्या, तर वरच्या पापणीखाली आणि बाहेरच्या कोपऱ्यात चौथ्या-पाचव्या पायरीवर निघाला. भोवतालची त्वचा झाकल्याशिवाय हे डोळ्यांना पटतच नाही, कारण तो भाग पांढरा असतो हे आपल्याला आधीच माहीत असते आणि हात त्या माहितीप्रमाणे चालतो. नेत्रगोल हा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा चेंडू आहे, तो खोबणीत आत बसलेला असतो आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडते. तेव्हा त्याला चेंडूसारखेच शेडिंग हवे, हे कळायला मला राखाडी कार्डाची मदत घ्यावी लागली.

दुसरी अडचण बुबुळाची होती. सरावासाठी मिळणाऱ्या बहुतेक नमुन्यांत निळे किंवा करडे डोळे असतात, आणि त्यांतल्या बाहुलीभोवतीच्या किरणांसारख्या रेषा मी आजीच्या डोळ्यातही काढत होते. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत साध्या उजेडात बाहुली आणि बुबुळ यांची सीमा जवळजवळ दिसत नाही. तिथे खोली येते ती हायलाइटच्या विरुद्ध बाजूच्या उजळपणामुळे : डावीकडून वरून आलेला प्रकाश कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, आत शिरतो आणि बुबुळाच्या उजव्या खालच्या भागावर पसरतो. शिवाय आजीच्या बुबुळाच्या कडेला वयपरत्वे येणारे फिकट राखाडी कडे आहे, ज्याला डॉक्टर आर्कस सेनिलिस म्हणतात. मी प्रत्येक वेळी बुबुळाची कड ठसठशीत काळी करून हे कडे पुसून टाकत होते, आणि त्याबरोबर तिचे वयही पुसले जात होते.

म्हणून अकरावा प्रयत्न पुन्हा वेगळ्या तुकड्यावर केला आणि क्रमच बदलला. आधी २एच या कडक, फिकट पेन्सिलने संपूर्ण डोळ्यावर, पांढऱ्या भागासकट, एक हलका थर दिला. मग एचबी आणि २बीने बुबुळ चढवत नेले. आणि सर्वांत गडद टोन बाहुलीबरोबरच वरच्या पापणीच्या कडेखालच्या सावलीला दिला. कोरा कागद फक्त दोन ठिकाणी राहिला : हायलाइटमध्ये आणि खालच्या पापणीच्या ओलसर कडेवरच्या एका तुटक रेषेत. हायलाइटही आता गोल ठिपका नाही. जर्मन चित्रकार ड्यूररच्या सन १५००मधल्या, म्युनिकला असलेल्या आत्मचित्रात डोळ्यांमध्ये खिडकीचे प्रतिबिंब दिसते, ते आठवून मी फोटो मोठा करून पाहिला, तर आजीच्या डोळ्यात आमच्या बाल्कनीचे दार होते, किंचित वाकलेले आणि वरच्या कडेला पापणीच्या केसांत हरवलेले. ९ मिलिमीटरच्या बुबुळात एवढे तपशील मावत नाहीत, तरी तो चौकोनी आकार आणि त्यातला एकच उभा गज २एचने काढला, आणि नजर तत्काळ खोलीत येऊन बसली. तो गज काढल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली आणि संध्याकाळभर पुन्हा उचलली नाही.

साहित्याविषयी थोडेसे. ८बीची चकाकी ज्यांना छळते त्यांनी मार्स ल्युमोग्राफ ब्लॅक ही पेन्सिल जरूर वापरून पाहावी. तिच्यात कार्बनचे प्रमाण जास्त असल्यामुळे काळा टोन मॅट राहतो, मात्र ती खोडायला कठीण असल्यामुळे अगदी शेवटी घ्यावी. हायलाइटसाठी टॉम्बो मोनो झिरो हे २.३ मिलिमीटरचे बारीक खोडरबर पुरेसे आहे. कागद मात्र मी यापुढे ऑनलाइन मागवणार नाही. मागच्या खेपेचे ब्रिस्टॉल (जाड, गुळगुळीत ड्रॉइंग पेपर) एका विक्रेत्याने गुंडाळी करून पाठवले, ते अजूनही सपाट झालेले नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन हाताने चाचपून घेतलेला कागद मला कधी दगा देत नाही.

मूळ कागदावरचा घोटून गुळगुळीत झालेला भाग आता नवा थर घेत नाही. डोळ्यापुरता तुकडा कापून मागून चिकटवावा असे ही नोंद सुरू करताना ठरवले होते, परंतु वरचे टोनचे आकडे लिहिताना लक्षात आले की कपाळ दुसऱ्या पायरीवर असायला हवे आणि माझ्या चित्रात तेही कोरेच आहे. म्हणजे सगळाच चेहरा नव्या कागदावर काढणे भाग आहे, आणि याचे मला वाईट वाटत नाही.

त्याआधी आणखी एक करून पाहणार आहे, जे हे लिहितानाच सुचले. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, त्यामुळे त्यावर तीनेक मिलिमीटर जाडीच्या कणकेच्या पापण्या बसवल्या, तर प्रमाण जवळपास जुळेल आणि दिवा हलवून सावली कुठे कशी पडते हे हवा तितका वेळ पाहता येईल. चेंडू घरात आहे, कणीक आजी घट्ट भिजवून देणार आहे, आणि डाव्या डोळ्याचा पहिला प्रयत्न या चेंडूची चार-पाच रेखाटने झाल्यावरच सुरू करेन.