आर्टिस्ट्स ब्लफ: आई-बाबांना झेपलेली हाईक

आई-बाबा सप्टेंबरात आले तेव्हापासून बाबांचं एकच टुमणं, ते फॉलचे, म्हणजे पानगळीचे कलर कधी दाखवणार. बॉस्टनच्या आसपास झाडं उशिरा रंगतात पण वर न्यू हॅम्पशायरच्या व्हाईट माउंटन्समध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बहर असतो, म्हणून बुधवारची रजा टाकली आणि पहाटे पाचला निघालो. बुधवार मुद्दाम, कारण गेल्या वर्षी शनिवारी गेलो होतो आणि पार्किंगच न मिळाल्यामुळे सगळे डोंगर गाडीच्या काचेतून बघून परत आलो, पावसाळ्यात रविवारी लोणावळ्याला होतं ना अगदी तेच.

जायचं होतं फ्रँकोनिया नॉचला. नॉच म्हणजे आपली खिंड. तिथे आर्टिस्ट्स ब्लफ म्हणून एक कडा आहे, पूर्ण लूप जेमतेम अडीच किलोमीटर, इथले लोक याला 'ईझी' म्हणतात. आता ईझी म्हणजे कोणाला ते कोणी सांगत नाही, कारण चढ थोडका असला तरी एका बाजूने चांगला उभा आहे, मोठमोठे दगड, मध्येच झाडांची मुळं, आणि त्यावर ओल्या पानांचा थर. ती पानं शेवाळासारखी सटकतात. आईचा गुडघा कुरकुरतो म्हणून आम्ही दर दहा मिनिटांनी बसत होतो, पण पाऊण तासात वर पोचलो. साधे चपटे बूट घालून येऊ नका एवढंच सांगते.

वरून जे दिसतं त्यासाठी एवढा खटाटोप. खाली एको लेक, उजवीकडे कॅनन माउंटन आणि त्यावर स्की करायचे हिरवे पट्टे, डावीकडे लाफायेतचा डोंगर, आणि मधल्या खिंडीत वळत घुसणारा हायवे. बाकी सगळं लाल, केशरी, पिवळं. लाफायेत १६०० मीटर म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडा कमीच, पण इथे इतकी थंडी की माथ्यावर झाडच उगवत नाही.

आईने ३० वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं. म्हणाली, बर्चचा पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवं गेलं की दिसतो फक्त. मेपलचा लाल मात्र झाड आत्ता, जाता जाता नव्याने बनवतं, दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की जास्तच. मग म्हणाली, गंमत बघ, आपल्याकडे कुसुंबाला चैत्रात लालभडक पानं येतात, बघायला जातो आपण, पण ती कोवळी पालवी असते गं, आणि इथे लाल होतात ती म्हातारी. रंग मात्र एकाच जातीचा, अँथोसायनिन. एवढं बोलून तिने डब्यातला मेथीचा ठेपला काढला.

बाबांना पानांपेक्षा म्हाताऱ्याचं जास्त पडलं होतं. कॅननच्या कड्यावर एक दगडी चेहरा होता, ओल्ड मॅन ऑफ द माउंटन, अख्ख्या राज्याची खूण. खिंडीतून हायवे न्यायचा म्हटल्यावर, सुरुंगांनी म्हातारा पडेल म्हणून लोकांनी विरोध केला, शेवटी रस्ता तिथे जाता-येता एकेकच लेनचा केला. आणि म्हातारा २००३ च्या ३ मेला आपला आपणच कोसळला! तारा-सळ्यांनी बांधून ठेवलेला होता तरी. तरी इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तो अजून आहेच.

खाली उतरल्यावर आम्ही सायडर डोनट घेऊन आलो तर बाबा पार्किंगमध्ये वाकून कोणाच्या तरी नंबरप्लेटचा फोटो काढतायत. फॅमिली ग्रुपवर पहिला फोटो तोच गेला. काकांचा लगेच रिप्लाय, दादा, गाडी घेतलीस का?