लक्ष्मीपूजनाला चांदणं नसतं

दिवाळीसाठी शृंगारकथा मागवल्या की एखादी तरी कथा अशी येतेच, जिच्यात लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर टिपूर चांदणं पडलेलं असतं आणि त्या चांदण्यात नायिकेचा खांदा चमकत असतो. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं. पाडव्याला चंद्र दिसत नाही. भाऊबीजेला दिसलीच तर कोर, तीही सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात जाते. चांदणं हवंच असेल तर पंधरा दिवस मागे कोजागरीला जा, नाहीतर तुळशीची लग्नं आटपेपर्यंत थांबा. मधल्या दिवसांत उजेड म्हणजे पणत्या, आकाशकंदील, बाल्कनीतली चिनी माळ, नाहीतर सरळ अंधार. शृंगारकथेला अंधाराची अडचण कधीच नव्हती.

चूक बारीक आहे, पण तिच्यावरून कळतं की लेखकाने सण मागे पडद्यासारखा टांगलाय. कथा होळीला घडली असती तरी चाललं असतं. अशा आठ कथा एकत्र बांधल्या की फराळाच्या वासाचा आणि बाकी कसल्याही चवीचा नसलेला संग्रह तयार होतो.

इंग्रजीत नाताळच्या गरमागरम प्रेमकथांचे संग्रह दरवर्षी ढिगाने निघतात. तिथे बर्फ फार मोठं काम करतो. वादळ येतं, रस्ता बंद होतो, दोन माणसं एका लाकडी घरात अडकतात आणि घरात पलंग एकच असतो. आपल्याकडचे लेखक हा साचा उचलतात तेव्हा शेकोटी, ब्लँकेट, गरम कॉफी असं सगळं सामान सोबत येतं. दिवाळी ऑक्टोबरात आली तर मुंबईत पंखा फुल स्पीडवर असतो, अंगाला घाम असतो आणि ब्लँकेट माळ्यावर. घाम चालेल, उलट फार चालेल. शेकोटी नाही चालणार.

शिवाय आपल्या सणात अडचण नेमकी उलटी असते. नाताळच्या कथेत दोघं एकटे पडतात. दिवाळीत एकटं पडता येत नाही, आणि गरमी त्यातूनच येते. दोन खोल्यांत अकरा माणसं, हॉलमध्ये ओळीने गाद्या, बाथरूमच्या दाराशी कोणीतरी टॉवेल घेऊन उभं. एकांत मिळतो तो पाच-सात मिनिटांचा. ही मिनिटं मोजून देणारा लेखक जिंकतो. म्हणून कथा मागवतानाच प्रत्येकाला 'दिवाळीची रोमँटिक कथा लिहा' असं मोघम न सांगता एक दिवस, एक जागा आणि एक अडथळा नेमून द्यावा. नाहीतर निम्मे लेखक पाडवाच उचलतात, आणि सहा कथांत बायको सहा वेळा ओवाळते.

वाटणी साधारण अशी बसते. वसुबारसेच्या आधीचा आठवडा म्हणजे घराची साफसफाई: माळ्यावर चढलेला एक, खालून शिडी धरलेली दुसरी. धनत्रयोदशी बाजाराची, गर्दीची, दुकान उशिरापर्यंत उघडं असण्याची. नरकचतुर्दशी अभ्यंगस्नानाची, आणि हिच्याबद्दल खाली सविस्तर. लक्ष्मीपूजन शक्यतो व्यापाऱ्याच्या गाळ्यात टाकावं, पूजा झाल्यावर शटर अर्धं ओढलेलं असताना. भाऊबीज अवघड वाटते, पण घरातली सगळी भावंडं बाहेर पडल्यावर मागे राहिलेल्या दोघांची ती दुपार असते. एक कथा फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या स्वयंपाकघराला द्या. चकलीचा सोऱ्या दाबायला जोर लागतो, कढईसमोरून हलता येत नाही आणि हात पिठाचे असतात. एक कथा सणापासून दूर, हिंजवडीत किंवा दुबईत रजा न मिळालेल्या दोघांची. रस्त्यातच अडकवायचं असेल तर बर्फाची जागा घ्यायला सुट्टीच्या गर्दीतला खंडाळ्याचा घाट पुरेसा आहे.

अभ्यंगस्नानाचं गणित नीट समजून घ्यावं. स्नान सूर्योदयाआधी व्हायला हवं. ऑक्टोबरच्या अखेरीस पुण्या-मुंबईकडे सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. घर साडेचारला उठलं तर अंधाराचे दोन तास हाताशी असतात आणि त्या दोन तासांत सगळ्यांच्या आंघोळी व्हायच्या असतात. पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई, तेल लावणारी बायको, बाहेर सासू. मराठी सणाने शृंगारकथेला इतका आयता प्रसंग दुसरा कुठलाच दिलेला नाही. तरी तो वाया कसा जातो पाहा:

'पहाटेच्या त्या रम्य समयी तिच्या कोमल करांचा स्पर्श होताच त्याच्या देहावर रोमांच उभे राहिले आणि दोघे प्रणयसागरात आकंठ बुडून गेले.'

समय, कर, देह, प्रणयसागर. तेल कुठे आहे? बाहेरची माणसं कुठे गेली? आता तोच प्रसंग वस्तू हातात धरून:

'तेल कोमट होतं. तिने वाटीतून धार सोडली तशी ती मणक्याच्या पन्हळीतून सरळ खाली निघाली. कमरेशी तिने तळव्याने अडवली. "हलू नका, पाटावर सांडेल." तो हात मग वर आलाच नाही. "उटणं पुरतंय का गं?" बाहेरून आई. "पुरतंय!" ती ओरडली, आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "हलू नकोस म्हटलं ना."'

'नका'चं 'नकोस' झालं तिथे दार लागलं. चारचौघांत अहो-जाहो आणि आत अरे-तुरे हे हत्यार मराठीकडे घरचं आहे आणि इंग्रजीतल्या एका 'यू'ला ते कधीच जमणार नाही. पण ते एका कथेत एकदाच वापरावं. दर पानाला सर्वनाम बदलत राहिलं तर वाचकाला ती लेखकाची गफलत वाटते.

शब्दांचं दुखणं मात्र खरं आहे. शरीराच्या अवयवांसाठी मराठीत एका बाजूला उरोज, नितंब, अधर असा संस्कृतच्या तासाचा माल, दुसऱ्या बाजूला शिव्या, आणि मधे इंग्रजी शब्द टाकले तर सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचल्यासारखं होतं. नवखा लेखक या तिन्हींत फेऱ्या मारत बसतो. वाट अशी की नामांचा सोस सोडून क्रियापदांकडे वळावं. बिलगणं, लगटणं, रेलणं, चाचपणं, सैलावणं, हुळहुळणं, शहारणं, निसटणं. एवढी नेमकी क्रियापदं असताना 'त्याने तिला आपल्या बाहुपाशात घेतलं' कशाला? अवयव घ्यायचेच तर बिनलाजेचे घ्यावेत: मान, दंड, पोटरी, टाच, मनगट, कानाची पाळी, पाठीची पन्हळ. त्यांच्या जोडीला निऱ्या, ब्लाउजचा हुक, नाडीची गाठ, ओला पंचा, केसांत अडकलेलं मंगळसूत्र. मंगळसूत्र केसांत अडकतं आणि सोडवायला एक मिनिट लागतं, हे वाक्य अर्ध्या पानाच्या वर्णनापेक्षा जास्त तापतं. लावणीने हेच केलं आणि गाथासप्तशतीतल्या महाराष्ट्री प्राकृत गाथांनी त्याच्या कितीतरी आधी, दोन ओळींत केलं.

चार हजार शब्दांची कथा धरली तर पहिला जाणीवपूर्वक स्पर्श हजार-बाराशे शब्दांच्या आत यावा. दोन हजारांच्या सुमारास मोडता: बेल, कुकरची शिट्टी, लवंगी मागणारं पोर. मुख्य प्रसंग सव्वीसशेच्या पुढे, सातशे ते नऊशे शब्दांचा. त्याहून लांबला की हालचालींची यादी होते. उरलेले पाच-सहाशे शब्द नंतरचे, आणि बहुतेक कथा तिथेच पडतात. प्रसंग संपला की लेखक घाईने 'बाहेर फटाके वाजू लागले' म्हणून निघून जातो. ही ओळ दिसली की बिनदिक्कत कापावी.

किती मोकळं लिहायचं हेही आधीच ठरवून द्यावं. त्यासाठी दाराच्या तीन अवस्था पुरतात: बंद, लोटलेलं, उघडं. बंद म्हणजे खोलीच्या उंबऱ्यावर थांबायचं. लोटलेलं म्हणजे आवाज, कपडे, हात, वाक्यं, पुढचं वाचकाच्या डोक्यात. उघडं म्हणजे उघडं. आठ कथांत दोन बंद, चार लोटलेल्या, दोन उघड्या हे प्रमाण वाचकाला दमवत नाही. 'आवाज'च्या दिवाळी अंकांतली खिडकीचित्रं आठवून पाहा. मधुकर पाटकरांनी 1951 साली सुरू केलेल्या त्या अंकात पानाला कापलेल्या खिडकीतून भलतंच काही दिसायचं आणि पान उलटलं की चित्र साधं निघायचं. चावटपणा कागदावर नसायचाच, पाहणाऱ्याच्या डोक्यात असायचा. लोटलेलं दार असंच लिहायचं असतं.

क्रम लावताना उघड्या कथा तिसऱ्या आणि सहाव्या जागी. पहिली ठेवली तर पुढच्या सगळ्या मिळमिळीत वाटतात, शेवटची ठेवली तर वाचक थेट शेवटाला उडी मारतो. शेवटी पाडवा, बंद दाराचा, मुरलेल्या जोडप्याचा. साठीतल्या जोडप्याची कथा एक तरी हवीच, पण कोणी आपणहून लिहून देत नाही, मागावी लागते.

पात्रं अठराच्या पुढची, आणि ते कथेत कळेल असं. दुसरी गोष्ट होकाराची. जुन्या कथांत 'नाही' म्हणणाऱ्या नायिकेचा हात धरून ओढणं हाच पुरुषार्थ असायचा. आजची वाचक त्याच पानावर पुस्तक मिटते, बरोबरच करते. आणि होकार दाखवल्याने गरमी उतरते हा नुसता गैरसमज आहे. 'दाराला कडी लावलीस?' हा होकारच आहे.

कायद्याची भीती घालणारे भेटतात, तर मराठी दिवाळी अंकाचाच दाखला आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या 1962च्या दिवाळी अंकात आली. पुण्यात अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या कोर्टात सुटले, हायकोर्टाने दोषी ठरवून लेखक आणि प्रकाशकाला प्रत्येकी 25 रुपये दंड केला, आणि 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. आक्षेपाचे उतारे पाहताना अख्खी कृती पाहायची, बदलत्या काळाचं भान ठेवायचं, असा त्याचा रोख होता. आज छापील पुस्तकाला भारतीय न्याय संहितेचं कलम 294 लागतं: पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपर्यंत दंड. ऑनलाइनला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67, तिथे पहिल्याच वेळी तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. म्हणजे तोच मजकूर फोनवर टाकणं जास्त महाग पडू शकतं. मुखपृष्ठ आणि आतली चित्रं मजकुरापेक्षा शांत ठेवावीत हे उत्तम, कारण तक्रार करणारा क्वचितच कथा वाचतो.

लेखकांशी दोन ओळींचा तरी कागद करावा. हक्क किती काळाचे हे लिहिलं नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतर पाच वर्षांचं धरलं जातं. लेखकाला कथा पुढच्या वर्षी स्वतःच्या संग्रहात हवी असली की इथे भांडण होतं. किंडलवर मराठी ई-पुस्तक टाकून ॲमेझॉनच्या 'सिलेक्ट' योजनेत घालणार असाल तर 90 दिवस तो मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेच नको. एखाद्या लेखिकेने हीच कथा आधी एखाद्या वाचनाच्या ॲपवर फुकट टाकली असेल तर अख्खा संग्रह अडकतो. हे आधीच विचारून घ्यावं.

वेळापत्रक उलट मोजावं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे मुदत थोडी सैल. तरी निमंत्रणं जूनच्या सुरुवातीला, पहिले खर्डे जुलैच्या मध्याला, संपादन श्रावणात, आणि फाइल गणपतीच्या आसपास छापखान्यात. त्यानंतर मशीन दिवाळी अंकांनी भरलेलं असतं. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात, 13 पॉइंटाच्या अक्षरात पानाला 250 ते 270 शब्द बसतात. पस्तीस हजार शब्दांची एकशे पस्तीस पानं, सुरुवातीची आठ-नऊ, मिळून 144. सोळा पानांचा एक फॉर्म या हिशोबाने नऊ फॉर्म, एकही पान फुकट नाही. 147 झाली तर तीन पानांसाठी दहावा फॉर्म लागतो. तेव्हा कथाच कापावी, अक्षर बारीक करू नये.

आणि प्रुफं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, आणला की सगळ्यात आधी 'ऱ्य' मोडतो. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं ते दिसतं तरी, पण काही शब्द मोडून दुसरा बरोबर शब्द होतो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. फराळाच्या स्वयंपाकघरातल्या कथेत नायिका पिठाच्या हाताने आचाऱ्यांना जवळ ओढते. फाइल बदलल्यावर ती आचार्यांना ओढते.